उमेदवाराची वही



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून उन्हाळ्यातील संध्याकाळी गावातल्या मंडळींनी एकत्र बसून चार जाणत्या माणसांचे ऐकावे, ही चांगली चाल आपल्याकडे गावोगाव पडली. या व्यासपीठावर इतिहास, वेदान्त, साहित्य, अर्थकारण अशा भारदस्त विषयांवर बोलणारी विद्वान मंडळी येऊन गेली आहेत. त्यांच्या पंक्तीला आज मला बसवले आहे, आणि मी विषय घेऊन आलो आहे तो एका वहीचा. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "कारखान्यात शिकायला जाणाऱ्या मुलांचे लॉगबुक." ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "बरे, होऊन जाऊ द्या." त्यांच्या या मोठ्या मनाबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

माझी ओळख थोडक्यात सांगतो. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटरचे काम शिकलो, एका कारखान्यात उमेदवारी केली, आणि पुढे कामगार संघटनेचे काम अंगावर आले ते आजतागायत आहे. जे थोडेफार वाचले ते पहिल्या पाळीवरून सुटल्यावर सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून वाचले. तेव्हा मी बोलणार ते पुस्तकातले कमी आणि हाताला लागलेले अधिक, असे समजून ऐकावे.

आज या मांडवात बसलेल्यांपैकी पुष्कळांच्या घरी एखादा मुलगा किंवा मुलगी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत किंवा तंत्रनिकेतनात शिकत असेल. शिक्षणाचा भाग म्हणून किंवा शिक्षण संपल्यावर ही मुले कारखान्यात जातात. कोणी काही आठवडे, कोणी वर्षभर, कोणी त्याहूनही अधिक. तेथे त्यांना एक वही ठेवावी लागते. कोणी तिला लॉगबुक म्हणतात, कोणी डायरी, कोणी दैनंदिनी. आज कोणते काम केले, कोणत्या यंत्रावर केले, काय शिकलो, हे त्यात रोज लिहायचे आणि आठवड्याच्या शेवटी वरिष्ठांची सही घ्यायची, असा शिरस्ता आहे. ही वही घरात येते, दप्तरात पडून राहते, परीक्षकापुढे जाते, आणि गुण मिळाले की रद्दीत जाते. ती कोणी वाचत नाही. आईबाप वाचत नाहीत, सही करणारा वाचत नाही, आणि खरे सांगायचे तर लिहिणाराही वाचत नाही. या वहीला एवढे हलके समजू नका, एवढेच मला आज सांगायचे आहे. का, ते आता सांगतो.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. १९६१ साली आपल्या संसदेने शिकाऊ उमेदवारांचा कायदा केला. प्रारंभी तो फिटर, टर्नर, वीजतंत्री यांसारख्या व्यवसायांपुरता होता. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर आणि पदविकाधारक त्यात आले. १९८६ च्या दुरुस्तीने व्यवसाय अभ्यासक्रमाची मुलेही आली. या कायद्याच्या १९ व्या कलमाने उमेदवाराच्या शिक्षणात किती प्रगती झाली याची नोंद ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. म्हणजे ही नोंद म्हणजे कोणा मास्तरांच्या डोक्यातून निघालेली किरकोळ कटकट नव्हे. तिच्यामागे कायदा उभा आहे.

याच कायद्याचे १८ वे कलम मात्र नीट ध्यानात घेण्यासारखे आहे. ते सांगते की उमेदवार हा शिकणारा आहे, कामगार नव्हे. या एका वाक्याने पुष्कळ गोष्टी ठरतात. कामगाराला जे कायदे लागू होतात ते सर्वसाधारणपणे उमेदवाराला लागू होत नाहीत. शिक्षण संपल्यावर त्याच कारखान्यात नोकरी मिळेलच, असेही कायदा म्हणत नाही. त्याच्या बाजूने काहीच नाही असे मात्र नाही. आरोग्य आणि सुरक्षितता यांच्या बाबतीत त्याची काळजी कामगाराइतकीच घ्यावी लागते. शिक्षणाच्या ओघात अपघाताने इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते. शिक्षणाशी संबंध नसलेले काम त्याच्याकडून करून घेता येत नाही, नगावर मोबदला ठरवता येत नाही, आणि सरकारने नेमलेल्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या संमतीवाचून जादा वेळ राबवता येत नाही. करारातून वाद निघाला तर तो याच सल्लागाराकडे न्यायचा आणि त्याचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत अपील करायचे, अशी सोय आहे.

आता आपणच विचार करा. हे सारे हक्क "शिक्षण" या एका शब्दावर टांगलेले आहेत. इजा शिक्षणाच्या ओघात झाली का? दिलेले काम शिक्षणाशी संबंधित होते का? हे ठरवायचे कशावरून? कामगाराजवळ हजेरीपत्रक असते, पगाराची चिठ्ठी असते, बाजूने बोलणारे चार सहकारी असतात. उमेदवार हा वर्षाचा पाहुणा. त्याच्यासाठी साक्ष द्यायला कोण उभे राहणार? त्याच्याजवळ एक वही असते. तीच त्याची साक्षीदार.

आणि या साक्षीदाराला आपली मुले काय शिकवून ठेवतात? मी अशा शेकडो वह्या पाहिल्या आहेत. त्यांतील मजकूर साधारण असा असतो: "आज लेथ मशिनवर काम केले. टर्निंग केले. साहेबांनी चांगले मार्गदर्शन केले." दुसऱ्या दिवशी: "आज लेथ मशिनवर काम केले. फेसिंग केले. साहेबांनी चांगले मार्गदर्शन केले." अशी पन्नास पाने! एका तुकडीतल्या वीस मुलांच्या वीस वह्यांमध्ये एकच मजकूर, एवढेच नव्हे तर शुद्धलेखनाची चूकही एकच. शनिवारी दुपारी एकाची वही मध्ये ठेवून बाकीचे भोवती बसतात, आणि आठवड्याचे शिक्षण अर्ध्या तासात आटोपते.

मग चांगली नोंद कशी असते? एका उदाहरणाने सांगतो. समजा, टर्नरचे काम शिकणारा मुलगा आहे. त्याने असे लिहावे: "पहिली पाळी, सकाळी ७ ते दुपारी ३. मशिन शॉप, लेथ क्रमांक ४. जॉब: पोलादी शाफ्ट, शेवटचे माप ४० मिलिमीटर, मोठ्यात मोठे ४०.०० आणि लहानात लहान ३९.९८. टूल हायस्पीड स्टीलचे. मिनिटाला २४० फेरे ठेवले. व्यासाला ३.१४ ने आणि फेऱ्यांनी गुणून १००० ने भागले, तेव्हा कापण्याचा वेग मिनिटाला सुमारे ३० मीटर आला. पहिले दोन जॉब बरोबर आले. तिसरा यंत्रावर गरम असतानाच मायक्रोमीटरने मोजला, ३९.९९ भरला, म्हणून उतरवला. निवल्यावर तपासणीत ३९.९७ भरला आणि बाद झाला. शेजारच्या लेथवरच्या काकांनी सांगितले की पोलाद तापले की फुगते. ४० मिलिमीटरचा जॉब ५० अंशांनी तापला तर व्यासात सुमारे दोन शतांश मिलिमीटरचा फरक पडतो. यापुढे शेवटचा कट घेण्याआधी जॉब निवू देणार आणि मगच मोजणार."

ही नोंद लिहायला दहा मिनिटे लागतात. पण पाहा, तिच्यात काय काय आले. वेळ आली, जागा आली, यंत्र आले, माप आले, हिशेब आला. शिवाय दोन गोष्टी आल्या, ज्या नकललेल्या वहीत कधीच येत नाहीत. एक, मुलाची चूक. आणि दोन, ज्याने शिकवले तो माणूस. माझ्या मते चूक हा नोंदीचा प्राण आहे. बरोबर आलेले दोन जॉब त्या मुलाला काही शिकवून गेले नाहीत. शिकवले ते बाद झालेल्या तिसऱ्याने. मुले चूक लिहायला भितात. गुण कापले जातील असे त्यांना वाटते. परंतु ज्याच्या वहीत वर्षभर एकही चूक नाही, त्याने वर्षभर यंत्राला हात लावला नाही, असेच जाणता माणूस समजतो.

हीच गोष्ट प्रत्येक धंद्याची. वीजकाम शिकणाऱ्या मुलीने "मोटर दुरुस्त केली" असे लिहिले तर त्यातून काही कळत नाही. पण "पावसाळ्यात बंद राहिलेली मोटर आली, चालू करण्यापूर्वी मेगरने इन्सुलेशन मोजले तर अर्धा मेगओहमसुद्धा भरेना, गुंडाळ्यांत ओल शिरली होती, गरम हवेने वाळवून पुन्हा मोजले तेव्हा आकडा पुष्कळ वर गेला, मगच जोडणी केली," असे लिहिले तर पाच वर्षांनी एखाद्या आषाढात अशीच मोटर तिच्यापुढे आली की वहीचे ते पान तिला आठवेल. सोबत हाताने काढलेली एखादी आकृती असावी. ती सुबक नसली तरी चालेल. जे हाताने काढता येत नाही ते डोक्याला कळलेले नसते, असा माझा अनुभव आहे.

वहीने माणसाचे नशीब पालटते, असे म्हटले तर तुम्हाला अतिशयोक्ती वाटेल. म्हणून एक जुनी हकीकत सांगतो. लंडनमध्ये मायकेल फॅरडे नावाचा एका लोहाराचा मुलगा होता. १८०५ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी तो पुस्तके बांधणाऱ्याकडे उमेदवार म्हणून राहिला. शाळा अशी फारशी झालेली नव्हती. बांधायला आलेली पुस्तके तो वाची, आणि संध्याकाळी लोकांसाठी होणाऱ्या शास्त्रीय व्याख्यानांना जाई. १८१२ साली एका गिऱ्हाइकाने त्याला सर हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅरडेने चार व्याख्याने ऐकली, ती आकृत्यांसह सविस्तर लिहून काढली, त्या कागदांची आपल्याच हाताने बांधणी केली आणि ते पुस्तक डेव्हींकडे पाठवून दिले. १८१३ च्या मार्चमध्ये तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हींचा मदतनीस झाला.

आज आपल्या घरात जी वीज येते ती निर्माण करण्याचे तत्त्व याच माणसाने १८३१ साली शोधून काढले. आणि त्या २९ ऑगस्टची त्याची नोंद त्याच्या रोजनिशीत आहे. पुढे आपल्या नोंदींतील परिच्छेदांना तो ओळीने क्रमांक देऊ लागला, ते सोळा हजारांच्या वर गेले. त्यांत फसलेले प्रयोगही जसेच्या तसे लिहिलेले आहेत. लोहाराच्या या पोराला कोणत्याही विद्यापीठात शिकायला मिळाले नव्हते. त्याच्याजवळ होती ती उमेदवारी, लोकांसाठी असलेली व्याख्यानमाला आणि वही. या तिन्ही गोष्टी आपल्या गावातही आहेत.

आता मी माझ्याच आयुष्यातील एक प्रसंग सांगणार आहे. तो सांगताना मला अजूनही संकोच वाटतो. पण तो टाळला तर बाकीचे सारे बोलणे पोकळ होईल.

मी उमेदवार होतो ते १९८८-८९ साल. कारखान्याचे नाव सांगत नाही. त्याची आता गरजही नाही. माझ्याबरोबर माझ्याच बाकावर शिकलेला एक मित्र होता. हात कसबी, पण लिहायचा त्याला भारी कंटाळा. माझे अक्षर चांगले. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात पहिला समासच लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर वळणदार असावे, ओळी सरळ असाव्यात, अंतर सारखे असावे, हे सारे त्यांनी सांगून ठेवले आहे. आमच्या वडिलांनी लहानपणी ते माझ्याकडून घोटून घेतले होते. तेव्हा माझ्या वहीबरोबर त्याची वहीही मीच लिही. त्याच्या बदल्यात तो मला कॅन्टीनचा चहा पाजी. आमचे सुपरवायझर कामाच्या गडबडीतले. शनिवारी सह्यांना वेळ मिळत नाही म्हणून त्यांनी सोमवारीच सह्या करण्याची पद्धत पाडली होती. त्यामुळे पुढच्या सहा दिवसांचा मजकूर मी अभ्यासक्रमाच्या तक्त्यावरून सोमवारीच लिहून टाकी, आणि त्यावर लगेच सही होई. सगळ्यांचीच सोय!

एका शुक्रवारी पॉवर प्रेसवरचा कामगार आला नाही. माल अडला होता. पाळीच्या साहेबांनी माझ्या मित्राला बाकावरून उठवले आणि म्हणाले, "जरा प्रेसवर बस, एवढा लॉट काढून दे." प्रेसचे काम त्याला कोणी शिकवलेले नव्हते. प्रेसचे संरक्षक कठडे काढून ठेवलेले होते. तासाभरात त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली.

नुकसानभरपाईचे प्रकरण आयुक्तांपुढे गेले. मालकाच्या वकिलांनी म्हटले की हा मुलगा त्या दिवशी फिटरच्या बाकावर होता, प्रेसवर तो आपण होऊन खोडसाळपणाने गेला. आणि पुरावा म्हणून त्यांनी त्याचीच वही पुढे ठेवली. शुक्रवारच्या पानावर स्पष्ट लिहिले होते: "आज कानसकाम केले. चौरस जोडाचा सराव केला." खाली सही होती. अक्षर मोत्यासारखे होते. ते माझे होते.

मी साक्षीला उभा राहिलो. सारे खरे सांगितले. त्याला प्रेसवर बसवले ते मी डोळ्यांनी पाहिले; ही वही मी लिहिली; ती सोमवारीच लिहिली होती. वकील शांतपणे म्हणाले, "म्हणजे तुम्ही वर्षभर खोट्या नोंदी लिहिता, हे तुम्हाला मान्य आहे?" मी होय म्हणालो. "मग आज तुम्ही खरे बोलता, हे आम्ही कशावरून धरायचे?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि आजही नाही. सोमवारी सही करणारे सुपरवायझर साक्षीला आलेच नाहीत. दोन वर्षांनी तडजोड झाली. जे मिळाले ते दोन बोटांच्या मानाने सांगण्यासारखे नव्हते.

मी संघटनेच्या कामात पडलो तो या प्रसंगानंतर. लोक विचारतात, तुम्हाला कोणत्या पुस्तकाने या मार्गाला लावले? मी त्यांना सांगतो, मीच लिहिलेल्या एका वहीने.

तेव्हा या वहीसंबंधी काही व्यवहाराच्या गोष्टी मी मुलांना नेहमी सांगतो, त्या येथेही सांगतो.

नोंद त्याच दिवशी लिहावी. खिशात एक लहान चोपडी ठेवावी; जेवणाच्या सुट्टीत चार आकडे टिपावेत आणि घरी गेल्यावर वहीत सविस्तर लिहावे. उद्याचे आज लिहू नये आणि आजचे शनिवारवर टाकू नये. आदल्या दिवशी लिहिलेली नोंद खोटी असते. आठवड्यानंतर लिहिलेली निम्मी विसरलेली असते.

नोंद शाईने लिहावी. चुकले तर एक रेघ मारून शेजारी दुरुस्ती करावी आणि तेथे आपली अद्याक्षरे घालावीत. पान फाडू नये, मध्ये कोरी जागा सोडू नये. रजा असली तर "रजा" असे लिहावे. ज्या वहीत खाडाखोड दिसते तिच्यावर लोक विश्वास ठेवतात. ज्या वहीतले पान गायब आहे तिच्यावर ठेवत नाहीत.

कोऱ्या पानावर सही घेऊ नये, आणि न वाचता दिलेल्या सहीवर समाधान मानू नये. "साहेब, तिसऱ्या ओळीत मी चूक लिहिली आहे, एवढी बघता का?" असे नम्रपणे म्हटले तर बहुतेक वरिष्ठ वाचतात. त्यांनाही तरुणपण होते.

शिक्षणाशी संबंध नसलेले काम सांगितले, जादा वेळ थांबवले, यंत्राचा कठडा काढलेला आढळला, तर तेही लिहावे. पण लिहिण्याची एक रीत आहे. तक्रारीचे शब्द नकोत, विशेषणे नकोत. "आमच्यावर घोर अन्याय झाला" असे लिहिण्यापेक्षा "दुपारी १२ ते ३ ट्रकमधून पेट्या उतरवल्या, पाळीच्या साहेबांनी सांगितले," असे लिहावे. रागाने लिहिलेले वाचून समोरचा माणूस रागावतो. घड्याळ लावून लिहिलेले वाचून तो विचारात पडतो. संघटनेच्या कामात माझी पंचविसांहून अधिक वर्षे गेली, पण मोठ्या आवाजातल्या भाषणापेक्षा वेळ आणि तारीख घातलेल्या कागदाने अधिक प्रश्न सुटलेले मी पाहिले आहेत.

मालकाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. वही म्हणजे कारखान्याची गुपिते बाहेर नेण्याची पिशवी नव्हे. छापील नकाशे तिच्यात चिकटवू नयेत, गिऱ्हाइकांची नावे लिहू नयेत. आकृती आपल्या हाताने, समजण्यापुरती काढावी. आणि जे घडले नाही ते मालकाविरुद्धही लिहू नये. खोटी नोंद कोणाच्याही बाजूची असली तरी ती शेवटी लिहिणाऱ्यालाच बुडवते. हे मी किती पैसे मोजून शिकलो, ते मघाशी सांगितलेच.

आता काळ बदलला आहे. उमेदवारीच्या कराराची नोंदणी संगणकावर होते. २०१६ सालापासून केंद्र सरकारने विद्यावेतनाचा काही भाग देण्याची योजनाही सुरू केली. मुले मला म्हणतात, "काका, आता वही कशाला? मोबाइलवर फोटो काढला की झाले." मी त्यांना विचारतो, बाद झालेल्या जॉबचा फोटो काढलास, पण तो का बाद झाला हे फोटोत कोठे दिसते? शिवाय कित्येक कारखान्यांत यंत्राजवळ मोबाइल नेऊ देत नाहीत, आणि ते योग्यही आहे. नोंद कागदावर ठेवायची की पडद्यावर, याबद्दल माझे भांडण नाही. ती रोजची असावी, खरी असावी आणि स्वतःची असावी, एवढेच म्हणणे आहे.

शेवटी पालकांना एक विनंती. मुलगा कारखान्यातून आला की आपण विचारतो, "दमलास का? जेवलास का? विद्यावेतन जमा झाले का?" हे विचारावेच. त्याबरोबर आठवड्यातून एकदा त्याची वही मागून घ्या. तुम्हाला टर्निंग कळत नसेल, बिघडत नाही. तुम्ही शिक्षक असा, दुकानदार असा, शेतकरी असा. "हे पान मला समजावून सांग," एवढेच म्हणा. त्याला सांगता आले तर तो शिकतो आहे. सांगता आले नाही तर एक तर तो नक्कल करतो आहे, किंवा त्याला कोणी शिकवत नाही, नुसते राबवून घेत आहे. दोन्हींपैकी काहीही असले तरी ते वर्ष संपण्यापूर्वी कळलेले बरे. वरिष्ठ म्हणून अशा वह्यांवर सह्या करणारे जे कोणी येथे बसले असतील, त्यांना मी एवढेच म्हणेन की आपली सही म्हणजे त्या मुलाच्या बाजूने दिलेला शब्द आहे. तो आधी देऊन ठेवू नका.

माझ्या त्या मित्राचे आज किराणा मालाचे दुकान आहे. ते बरे चालते. डाव्या हाताने हिशेब लिहायला तो शिकला. प्रकरण मिटल्यावर त्याची वही त्याला परत मिळाली, ती त्याने माझ्याकडे आणून दिली. म्हणाला, "ठेव तुझ्याकडेच. अक्षर तुझेच आहे." दर वर्षी नव्या उमेदवारांपुढे बोलायला जातो तेव्हा ती वही मी बरोबर नेतो. मुलांच्या हातात देतो आणि सांगतो, यातले खोटे पान शोधून काढा. आजवर कोणालाही ते सापडलेले नाही.

आज ती येथेही आणली आहे. सभा संपल्यावर ज्यांना पाहायची असेल त्यांनी पुढे यावे.